गालाचं माप

प्रिय ताई,

तुझी बंदूक परवापासून माझ्याकडे आहे. चिमणीने ती काउंटरवर ठेवली तेव्हा मी तिला काही बोलूच दिलं नाही. आधीच म्हणून टाकलं, "दस्त्याच्या लाकडाचं तेल नीट सुकलं नसणार, पुन्हा एकदा हात फिरवून देतो." थाप होती. तेल केव्हाच सुकलं होतं. तुझ्या लेकीला तेलातलं काही कळत नाही, पण माणसांतलं बरोबर कळतं. ती नुसती बघत राहिली. तिच्या बँकेत समोर बसलेल्या माणसाकडे बघावं तशी, की हा आता आणखी काय सांगतोय बघू. मग ती जे बोलली ते मी पुढे लिहीन. आत्ताच लिहिलं तर बाकीचं लिहायचा धीर राहणार नाही. फोन केला असता, पण आपलं फोनवरचं बोलणं तुला माहीतच आहे. तू "बरं आहे" म्हणतेस, मी "काळजी घे" म्हणतो, की दोघंही सुटतो. गेलं वर्षभर आपण असेच सुटतोय.

दुकान ठीक चाललंय. पुढच्या काचेला तडा गेला होता, ती बदलून घेतली. हिची गुडघेदुखी कमी आहे. मागच्या खोलीतला, दस्ता आवळायचा बाबांचा शिकंजा अजून तसाच आहे, फक्त त्याच्या स्क्रूचा दांडा गुळगुळीत झालाय. हल्ली लोक यंत्रावर कापलेले, वरखाली सरकणारे दस्ते घेतात. किल्ली फिरवली की वर, किल्ली फिरवली की खाली. पण जुन्या दुनळी बंदुका बाळगणारे अजून आहेत, आणि त्यांना लाकूडच लागतं. दस्ता बदलायचा नसतो, त्यालाच तापवून बाक द्यायचा असतो. तशी माणसं येतात माझ्याकडे. येतात म्हणजे काय, तुझ्यामुळे येतात. काउंटरवरचा तो फोटो, तू कप उचलून धरलेला, केस कपाळावर आलेले, गालावर दस्त्याचा लाल ठसा, तो बघून लोक विचारायचे, "या तुमच्या कोण?" मी छाती फुगवून सांगायचो, सख्खी बहीण. किती वर्षं सांगितलं असेल. दुकानाच्या पाटीवर नाव बाबांचं, हात माझे आणि पुण्याई तुझी, असा सगळा मामला होता.

बाबांचं ते एक आठवतं का? नवीन माणूस भेटला की ते त्याचं नाव विसरायचे, पण गाल विसरायचे नाहीत. कुणाच्या लग्नाला गेलो की जेवताना माझ्या कानाशी लागायचे, "नवऱ्या मुलाचा चेहरा बघ, रुंद आहे. याला दस्ता चांगला बाहेर वळवून लागेल. नवरी मात्र सरळ दस्त्यावर छान नेम धरेल." तू ते ऐकून ठसका लागेपर्यंत हसायचीस, आणि आई दोघांना डोळ्यांनी दटावायची. त्यांना प्रत्येक चेहरा म्हणजे बंदुकीला टेकायची जागा वाटायची. सुंदर-कुरूप असं काही त्यांच्या शब्दांत नव्हतंच. जाड गाल, बसका गाल, लांब मान, आखूड मान. संपलं. एकदा एक बाई आल्या होत्या, लहानपणी भाजून चेहऱ्याची एक बाजू ताणली गेली होती. मी दाराआडून बघत होतो. बाबा त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले, आणि ज्या नजरेने लाकडाच्या रेषा बघायचे त्याच नजरेने त्यांनी त्या गालाकडे बघितलं, चांगलं निवांत. बाई जाताना म्हणाल्या होत्या, "इतकं सरळ माझ्याकडे कुणी बघतच नाही हो." ते वाक्य मी ऐकलं होतं, ताई. माझ्या कानांनी.

तू आजारी पडलीस तेव्हा मी दवाखान्यात येत होतो. ते खरं आहे, आणि तेवढंच खरं आहे. ऑपरेशनच्या दिवशी मी दिवसभर बाकावर बसलो. डॉक्टरांनी उजव्या जबड्याचा तुकडा काढावा लागला म्हणून सांगितलं, तेव्हा चिमणीला मीच धरलं होतं. तुझ्या तोंडाला पट्ट्या होत्या तोवर मी रोज येत होतो, तुझ्या पायाशी बसून पेपर वाचून दाखवत होतो. पट्ट्या सुटल्या आणि माझं येणं कमी झालं. एकदा पाठ धरली, एकदा कुणाचं तरी अर्जंट काम निघालं, एकदा गाडी बिघडली. ही मात्र येत राहिली. घरी आली की म्हणायची, "त्या तुमची वाट बघतात. बोलत नाहीत, पण दार वाजलं की बघतात." मी म्हणायचो, रविवारी जाऊ. रविवारी दुसरं काहीतरी काढायचो.

हे दुःखामुळे नव्हतं. दुःख असतं तर मी ते मिरवलं असतं, दुःखाला लोक मान देतात. मला भीती वाटत होती की तुझ्याकडे बघून मला किळस येईल. आणि ती आली, तर तुला माझ्या तोंडावर दिसेल. लहानपणी ज्या ताटातली साय तू काढून मला द्यायचीस, त्या ताटात समोरासमोर बसून जेवायचं म्हटलं तर माझा घास अडकेल, असं मला वाटत होतं. हे लिहिताना कान गरम झालेत. हिलासुद्धा मी हे सांगितलेलं नाही.

मग त्या दिवशी तू दुकानात आलीस. कळवलं नाहीस, काही नाही, गळ्याभोवती तो निळा स्कार्फ नाकापर्यंत ओढलेला, आणि हातात बंदुकीची पेटी. दारातूनच हाक मारलीस, "ढब्बू, आहेस का रे?" पन्नाशी उलटलेल्या माणसाला ढब्बू म्हणणारं आता जगात दुसरं कुणी उरलं नाही. बोलणं थोडं चिकटल्यासारखं येत होतं, पण आवाज तुझाच. पेटी ठेवून म्हणालीस, "माझा गाल बदललाय. दस्त्याला सांगायला हवं." आणि स्वतःच हसलीस. डॉक्टर म्हणाले होते, खांद्याला काही झालेलं नाही, तुम्हाला बरं वाटत असेल तर चालवा बंदूक. म्हणून तू मैदानावर जाऊन आलीस, दोन-चार मातीच्या तबकड्या उडवून बघितल्यास, आणि एकही फुटली नाही. का, ते तुला तिथेच कळलं होतं. गाल आत गेल्यावर डोळा नळीवरच्या पट्टीच्या मध्यावर येत नाही, एका बाजूला आणि खाली जातो. दस्ता आत, गालाकडे वळवायला हवा, आणि थोडा वर उचलायला. तू सगळं ठरवून आली होतीस. राहिलं होतं फक्त माझं काम.

मी तुला मागच्या खोलीत नेलं. म्हटलं, तिथे उजेड चांगला आहे. चांगला उजेड पुढेच असतो हे तुला माझ्याआधीपासून माहीत आहे. माप नेहमी पुढच्या काचेपाशीच घेतलं जातं, बाबा तिथेच घ्यायचे. तू एकदा काचेकडे बघितलंस, एकदा माझ्याकडे, आणि मुकाट्याने आत आलीस. मी बंदूक उघडली, दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत ते बघितलं, तुला दाखवलं, तूही बोट घालून बघितलंस. ते सगळं रीतसर झालं. रीतीच्या गोष्टी मी कधी चुकवत नाही. मग तू स्कार्फ सोडलास, बंदूक खांद्याला लावलीस, गाल टेकवलास, आणि मी नळीसमोर उभा राहिलो.

या जागी उभं राहून काय करायचं असतं ते तुला सांगायला नको. नळीच्या टोकावरच्या नेमाच्या मण्याच्या मागे समोरच्याचा डोळा बरोबर मधोमध दिसतोय का, किती सरकलाय, गाल लाकडाला कुठे टेकतोय, कुठे पोकळी राहतेय, हे टक लावून बघायचं. बाबा म्हणायचे, या धंद्यात एवढंच खरं काम, बाकी सगळी हमाली. ताई, मी तुझ्या कानाकडे बघत होतो. कानातल्या कुडीकडे. कुडीच्या मागच्या भिंतीवर टांगलेल्या कानशीकडे. तू कितीतरी वेळ तशीच उभी राहिलीस, श्वास रोखून, तुझा तो डोळा माझ्यावर लावून. मी उगाच "हं", "अस्सं", "थोडं वर" असं पुटपुटत होतो आणि मनाशी आकडा बांधत होतो. न बघता.

तेवढ्यात टायवाले आले. क्लबचे सेक्रेटरी, उन्हाळ्यातसुद्धा गळ्यात टाय. ते कधी काउंटरपाशी थांबत नाहीत, सरळ मागे येतात, घरचं असल्यासारखे. ते दारात उभे राहिले, तुझ्याकडे बघितलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "गिऱ्हाईक आहेत. बाहेरगावच्या."

मला कुणी विचारलं नव्हतं. टायवाल्यांनी तोंडही उघडलं नव्हतं. मी आपणहून सांगितलं. तू बंदूक खाली घेतलीस, उघडलीस, हातावर आडवी धरलीस, स्कार्फ गुंडाळलास. काहीच घाई केली नाहीस. मला वाटलं तू काहीतरी बोलशील आणि मी मेल्याहून मेल्यासारखा होईन. तू बोललीस, पण काय, तर "मग मी केव्हा येऊ, साहेब?" तुझ्या तोंडाला 'स' आता जड जातो. तरी तो 'साहेब' अगदी स्वच्छ आला. टोमणा मारलास असं वाटलं असतं तर मी सुटलो असतो. पण तसं नव्हतं. मी जे नाटक उभं केलं होतं ते चारचौघांत उघडं पडू नये म्हणून तू त्यातलं तुझं वाक्य म्हटलंस. आणि मी म्हणालो, "आठवड्याने या." या! तुला! जिने मला चड्डीची नाडी बांधायला शिकवली तिला मी 'या' म्हणालो, आणि टायवाल्यांसाठी खुर्ची पुसायला लागलो.

दुकानाचं दार लागल्याचा आवाज आला. मी मागे वळून बघितलं नाही.

मग मी तुझा दस्ता तापवायला घेतला. हे सांगतो, कारण त्यातच पुढची गोम आहे. मी त्यावर जीव ओतला. लोखंडापासून दस्ता सोडवला, मानेपाशी लाकडाच्या रेषा बघितल्या. बाबांनी तो अक्रोडाचा तुकडा तुझ्यासाठी निवडताना अख्खी वखार उलटीपालटी केली होती, ते उगाच नाही. रेषा मानेतून अशा वाहतात की वाकवायला भीती वाटत नाही. जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या जवसाच्या तेलात भिजवून मानेभोवती गुंडाळल्या, दोन्ही बाजूंनी तापदिवे लावले, आणि बसलो. दर थोड्या वेळाने चमच्याने तेल सोडत होतो. लहानपणी ते तेल सोडायचं काम तुझं होतं, कारण मी घाई करायचो. या वेळी मी घाई केली नाही. गरमी लाकडाच्या गाभ्यापर्यंत पोचली की स्क्रूचा दांडा हातात एकदम मऊ होतो, लाकूड हो म्हणतं. तोवर थांबलो. मग अगदी केसाकेसाने स्क्रू आवळला, आत आणि वर. हवा त्याहून थोडा जास्त, कारण गार झाल्यावर लाकूड जरा मागे जातं. गार होऊ दिलं, सोडवलं, घासलं, बोटांनी तेल चोळलं. कुठे चीर नाही, कुठे डाग नाही. इतकं देखणं काम माझ्या हातून कित्येक वर्षांत झालं नव्हतं. मला वाटलं, फिटलं. तोंडाने जे झालं ते हाताने भरून काढलं. आणि बंदूक चिमणीच्या बँकेत नेऊन दिली. तू येणार म्हणाली होतीस, तर तुला यावं लागू नये म्हणून. असं मी चिमणीला सांगितलं.

आता परवाचं. माझी तेलाची थाप ऐकून घेतल्यावर चिमणी म्हणाली, "मामा, आईच्या तोंडातून रक्त आलं." तुझ्या बंदुकीने दर बाराला तुझ्या ऑपरेशनच्या जागेवर ठोसा मारला होता. आणि तू थांबली नाहीस. अख्खी फेरी पुरी केलीस, मग नळावर जाऊन चूळ भरलीस, चूळ लाल झाली तेव्हा चिमणीला दिसलं. तू तिला बजावलंस, मामाला यातलं काही सांगायचं नाही. आणि दोन दिवसांनी बंदूक तिच्या हातात देऊन म्हणालीस, "ढब्बूला म्हणावं, कुणाला हवी असेल तर देऊन टाक. माझं आता वय झालं." चिमणीने मला दोन्ही गोष्टी सांगितल्या. "तिने सांगू नको म्हटलं होतं, पण तुम्ही तेलाचं काढलंत, मग मला राहवेना," म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती गेल्यावर मी दस्ता मोजला. मग माझ्याच गालाला लावून आरशासमोर उभा राहिलो, आणि रक्त का आलं ते लक्षात आलं. बाक फार झाला होता. चांगला बोटभर जास्त आत, आणि वरही जास्त. लाकूड सरळ तुझ्या जबड्यात घुसत होतं. माझा हात चुकला नव्हता, हात अगदी जिथे ठरवलं तिथेच थांबला होता. चुकलं होतं ते ठरवणं. तुझा गाल जेवढा खोल गेलाय त्याच्या दुप्पट खोल मी मनात धरला होता. न बघता, नुसत्या भीतीने मी तुझा चेहरा मनात इतका मोडून-तोडून ठेवला होता की त्या चेहऱ्याच्या मापाचा दस्ता तुझ्या खऱ्या चेहऱ्याला रक्त काढेपर्यंत लागला. तो दस्ता बाकावर ठेवून मी किती वेळ बसलो कुणास ठाऊक.

मग मी चिमणीला फोन करून विचारलं, आईचा मैदानावरचा एखादा फोटो आहे का. तिने व्हिडिओ पाठवला. त्यात तू आहेस, स्कार्फ सोडलेला, बहुतेक उकडत असणार. एक तबकडी उडते, तुझा बार चुकतो, आणि तू बंदूक उघडत कुणाला तरी काहीतरी सांगत हसतेस. ताई, मी तो थांबवून, मोठा करून बघितला. कानापासून हनुवटीपर्यंत एक रेघ आहे. गालात खळगा आहे, लहान वाटीएवढा. ओठ हसताना एकीकडे जातो. बस. बाकी सगळी तूच आहेस. मला किळस नाही आली. काहीच नाही आलं, नुसतं तू इतके दिवस कुठे होतीस असं वाटलं. म्हणजे उलट आहे, मी कुठे होतो. एवढ्यासाठी मी वर्षभर तोंड लपवत फिरलो. ज्याचं तोंड धड आहे त्याने.

काल टायवाले त्यांची बंदूक न्यायला आले. दुकानात आणखी दोघं होते, क्लबातलेच. मी ठरवलंच होतं. त्यांच्यासमोर म्हटलं, "सेक्रेटरी साहेब, त्या दिवशी मागच्या खोलीत ज्या बाई होत्या ना, त्या बाहेरगावच्या नव्हेत. माझी सख्खी थोरली बहीण ती." टायवाल्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "अहो, मग? माहीत आहे की. त्यांच्याकडून मी तरुणपणी दोनदा हरलोय. बंदूक खांद्याला लावायची ती ढब दुसऱ्या कुणाची आहे? मी दारातच ओळखलं. बोलणार होतो, तर तुम्हीच परकं करून टाकलंत. म्हटलं, घरात काही बिनसलं असेल, आपण कशाला मध्ये पडा." दोघांतला एक जण म्हणाला, "गेल्या आठवड्यात मैदानावर भेटल्या की. आम्ही विचारलं, दस्ता कुणी केला? तर म्हणाल्या, भावाने केलाय, एकदम झकास." आणि ते तिघं तबकड्यांच्या नव्या यंत्राबद्दल बोलायला लागले. त्यांच्या लेखी विषय संपला होता.

मला वाटत होतं काहीतरी होईल. कुणी चमकेल, कुणी हळहळेल, मला कुणी काही बोलेल. काही झालं नाही. तुला बघून कुणाला काही झालंच नव्हतं. तू रक्ताची गुळणी धरून त्यांना सांगितलंस की भावाने केलाय, झकास. मी शेण खाल्लं आणि ज्यांच्यासमोर खाल्लं त्यांना त्याची गरजसुद्धा नव्हती. गिऱ्हाइकं गेल्यावर मी मागच्या खोलीत जाऊन दार लावलं आणि रडलो. हिला आवाज गेला. ती आत आली नाही, दाराबाहेर चहाचा कप ठेवून गेली. संध्याकाळी मी तिला सगळं सांगितलं, तुला 'या' म्हणालो तेसुद्धा. ती म्हणाली, "हे मला काय सांगता?"

म्हणून हे लिहिलं. हे पान मी गाडीत बसून लिहितोय, आणि गाडी तुझ्या इमारतीखाली उभी आहे. चिमणीला खाली बोलावलंय, ती पत्र घेऊन वर येईल. माफी मी इथे मागत नाही. कागदावर मागितली तर पुन्हा नजर चुकवल्यासारखं होईल. पण वर येऊन बोलायला लागलो असतो तर तू पहिल्याच वाक्याला "असू दे रे" म्हणून मला थांबवलं असतंस, आणि मी थांबलो असतो. तसं होऊ नये, दार उघडायच्या आधी तुला सगळं माहीत असावं, एवढ्यासाठी हा कागदांचा गठ्ठा. बंदूक मी कुणालाही दिलेली नाही आणि देणार नाही. डिकीत शिकंजा आहे, दोन्ही तापदिवे आहेत, तेलाचा डबा आहे. बाक द्यायला दुकान लागत नाही, स्वयंपाकघरातलं टेबलसुद्धा चालतं. तुझ्या खिडकीत सकाळचा उजेड सरळ येतो. तिथे तू बंदूक धर, मी समोर उभा राहतो, आणि बघतो. चांगलं निवांत. तू कंटाळून "झालं का रे" म्हणेपर्यंत बघतो. तुला हे नको असेल तर नको म्हण, मी पेटी चिमणीकडे देऊन जाईन, रागावणार नाही, रागवायचा मला हक्कही नाही. ये म्हणालीस तर मात्र चिमणीला खाली पाठवू नकोस. शिकंजा जड आहे, तिला उचलायचा नाही. तू नुसती खिडकीत ये, मी वर बघतोय.

तुझाच,
ढब्बू